फाळक्यावरील शिलालेख

ज्या गावच्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांनी आपापली नावे कातळावर कोरवून ठेविली आहेत, त्या गावच्या एखाद्या रहिवाशाला आपल्या मालकीच्या चार हात पत्र्यावर काहीतरी कायमचे लिहवून घ्यावेसे वाटले, तर त्यास दोष देणे परंपरेस धरून होणार नाही. आमच्या ज्येष्ठ बंधूंनी, म्हणजे ज्यांना निम्मे कार्ले गाव 'दादा' म्हणते त्यांनी, वडिलांच्या हातच्या जुन्या महिंद्रा पिकअपच्या मागल्या फाळक्यावर स्टीलची अक्षरे बसविण्याचा मनसुबा जाहीर केला, तेव्हा हाच युक्तिवाद मी त्यांच्या वतीने घरात मांडला. आणि तेव्हापासून त्या प्रकरणाची सारी लिखापढी माझ्या गळ्यात पडली. हयातभर शाळेत मराठी शिकविल्यामुळे अक्षर म्हटले की ते माझ्याच खात्यात जमा करावयाचे, असा आमच्या घरचा रिवाज आहे.

ही पिकअप म्हणजे घरातील एक वडीलधारी व्यक्तीच होय. कारण सकाळी ती हाक मारल्यावाचून उठत नाही, खोकल्यावाचून बोलत नाही, आणि तिच्याविषयी तिच्यासमोर वाईट बोललेले दादांना खपत नाही. इंद्रायणी तांदळाची पोती कामशेतच्या बाजारात पोचविणे, लग्नसराईत मांडववाल्याचे खांब वाहणे, आणि चैत्रात एकवीरेच्या यात्रेस आलेल्या पाहुण्यांची भांडीकुंडी गडाच्या पायथ्याशी नेऊन टाकणे, ही तिची नेमून दिलेली कामे. तिचे सर्वांग वर्षानुवर्षांच्या रंगाखाली गाडले गेलेले असले, तरी फाळका तेवढा अद्याप सपाट राहिला आहे. त्यावर डाव्या बाजूस म्हशीच्या शिंगाची एक जुनी खूण आहे, ती वगळता लेखनास योग्य अशी जागा गाडीच्या अंगावर दुसरी नाही. शिवाय वाहनाचा जो काही वाङ्मयीन भाग असतो तो पाठीमागेच असतो. समोरून येणारी गाडी कोणी वाचीत बसत नाही, तिला वाट देतात. परंतु पाठीमागे अडकलेल्या माणसाला वाचनावाचून गत्यंतर नसते, आणि शनिवारी-रविवारी मुंबईकरांचा लोंढा कार्ला फाट्यावर तुंबला म्हणजे आमच्या फाळक्यास जो वाचकवर्ग लाभतो, व त्या वाचकास जी सक्तीची निवांतता लाभते, ती कोणत्याही मासिकाच्या संपादकास हेवा वाटावा अशी असते.

मजकूर काय असावा, याचा निर्णय करण्यापूर्वी पूर्वजांचा कित्ता पाहून घ्यावा, म्हणून मी दादांना लेण्यांपाशी घेऊन गेलो. गावात जन्म काढूनही त्यांनी देवीचे दर्शन घेऊन पाठ फिरविण्यापलीकडे चैत्यगृहात कधी लक्ष घातले नव्हते. वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह आपण पूर्ण केले असून ते जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे, असे व्हरांड्यात कोरवून ठेविले आहे. या विधानात विनय औषधालाही नाही. पण आत गेल्यावर ते लाकडी कमानींचे छत आणि ते ओळीने उभे असलेले स्तंभ पाहिले म्हणजे त्यात अतिशयोक्तीही फारशी उरत नाही. महारथी अग्निमित्रणकाने सिंहस्तंभ दिला, धेनुकाकट गावच्या यवनांनी आतले काही खांब दिले, त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरविक्याने द्वारमुखाचा खर्च उचलला, आणि सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केले, त्यानेही आपले नाव मागे ठेवण्यात संकोच बाळगला नाही. या सर्व महाजनांची नावे मी दादांना एकामागून एक सांगत असता ते अंगठा आणि तर्जनी हवेत ताणून अक्षरांची उंची अजमावीत होते. अखेरीस त्यांनी अभिप्राय दिला तो एवढाच, की अक्षरे सुबक आहेत, पण मागच्या गाडीतून वाचावयाची तर याहून मोठी लागतील.

फाळक्यावर नाव ठसविण्याची ही हौस केवळ मावळाची नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. अमेरिकेत जुन्या शेव्रोलेटसारख्या पिकअपच्या फाळक्यात कंपनीचे नाव पत्र्यातच उठावाने दाबून काढलेले असे, आणि हौशी मालक ती अक्षरे वेगळ्या रंगाने उजळून घेत. टोयोटाचे मालक तर मागल्या नावातली चार अक्षरे रंगाने झाकून मधली दोनच शिल्लक ठेवतात, व त्यातून 'यो' अशी आरोळी निघते, तिच्यावर संतुष्ट असतात. दुसऱ्या महायुद्धात जीप बनविणाऱ्या विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी आरंभी आपापली नावे गाडीच्या मागल्या पत्र्यावर ठसविली होती. रणांगणावर जाहिरात नको, म्हणून सैन्याने 1942 साली ती बंद करविली. नाव गेले तरी फोर्डच्या जीपगाडीच्या सुट्या भागांवर, फार काय बोल्टांच्या माथ्यांवरसुद्धा, 'एफ' हे अक्षर राहिलेच. युद्ध संपताच विलिसने मुलकी जीप काढली, तिच्या फाळक्यावर कंपनीचे नाव पुन्हा ठसठशीत उमटले. त्याच जीपची जुळणी आपल्याकडे ज्या कंपनीने 1947 च्या सुमारास सुरू केली, ती 1945 साली स्थापन झाली तेव्हा 'महिंद्रा अँड महंमद' होती. भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, पुढे तेथील गव्हर्नर जनरल झाले, आणि कंपनी 1948 साली 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. दोन्ही नावांची आद्याक्षरे तीच राहिली, ही गोष्ट दादांना मी सांगितली तेव्हा ते म्हणाले, "याला म्हणतात व्यवहार. अक्षरांचा खर्च वाचला." हा उद्गार त्या वेळी मी विनोद म्हणून घेतला, त्यातील गांभीर्य पुढे प्रत्ययास आले.

मजकुराचा पहिला मसुदा अर्थातच 'आई एकवीरा प्रसन्न' असा होता. त्यावर चिरंजीवांनी, म्हणजे दादांच्या मुलाने, 'मावळचा ढाण्या वाघ' अशी दुरुस्ती सुचविली. वहिनींनी दोन्ही मुलांची नावे असावीत असे म्हटले. आणि मी, वडिलांच्या पश्चात गाडीची डागडुजी ज्या पतसंस्थेच्या कर्जावर झाली तिचा उल्लेख दाता म्हणून करणे शिलालेखांच्या परंपरेस अधिक धरून होईल, असे निवेदन केले, ते फेटाळण्यात आले. 'हॉर्न ओके प्लीज' चालणार नाही, एवढ्यावर मात्र एकमत झाले; कारण 2015 साली राज्याच्या परिवहन खात्याने गाड्यांच्या पाठीवरील त्या मजकुरास बंदी केली, आणि नाही तरी आमच्या गाडीस ओलांडून जाण्यास हॉर्नची आवश्यकता कधीच पडलेली नाही. राहता राहिला 'एकवीरा' या शब्दातील वेलांटीचा प्रश्न. मी दीर्घ सांगितली. दादांनी रस्त्यावरच्या यच्चयावत गाड्यांचा हवाला देऊन ऱ्हस्व मागितली. देवीला दोन्ही चालतात, हे मला मान्य होते. पण देवी क्षमाशील आहे म्हणून व्याकरणाने किती खालावे, यालाही काही मर्यादा असावी.

या तंट्याचा निकाल व्याकरणाने लावला नाही, लोणावळ्याकडील एका रेडियमवाल्याने लावला. नंबरप्लेटी, रेडियमच्या पट्ट्या आणि लेसरने कापलेली स्टीलची अक्षरे असा त्याचा तिहेरी कारभार. त्याचा दर अक्षरी आणि इंची होता. म्हणजे अक्षराची उंची जितके इंच, त्यास दराने गुणावयाचे, आणि आलेल्या रकमेस अक्षरांच्या संख्येने. हिशेब सरळ होता, फक्त अक्षर कशास म्हणावे हे ठरावयाचे होते. काना धरून अक्षर एक, हे त्याने उदारपणे मान्य केले. पण 'प्र' आणि 'न्न' ही जोडाक्षरे असल्यामुळे त्यांची आकारणी दुप्पट, आणि वेलांटी शिरोरेषेच्या वर जात असल्यामुळे तिची उंची निराळी धरली जाईल, असे त्याने निक्षून सांगितले. मी त्याला दामल्यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'चा दाखला दिला, स्वर मिळाल्यावाचून व्यंजनास अक्षरत्व येत नाही हे समजावून दिले, 'न्न' मध्ये स्वर एकच असल्याने अक्षरही एकच हे बोटांवर मोजून दाखविले. त्याने ते सर्व शांतपणे ऐकून घेतले व म्हटले, "सर, तुमचं बरोबर आहे, पण मशीनला दोनदा वळावं लागतं."

तेव्हा दादांनी एक अपूर्व मुद्दा काढला. मराठी शब्द शिरोरेषेखाली एकसंध असतो, लेसरमधून तो एकाच तुकड्यात बाहेर पडणार, म्हणून अख्खा शब्द एक नग धरावा, आणि आकार तीनच नगांचा घ्यावा. इंग्रजी अक्षरे सुटी सुटी बसवावी लागतात, त्यांना हा दर ठीक आहे. देवनागरीस तो लागू करणे अन्याय होय. या युक्तिवादाने रेडियमवाला क्षणभर निरुत्तर झाला. परंतु तो व्यापारी होता. त्याने ताबडतोब असे दाखवून दिले की चार फुटी शब्द अखंड कापला तर पत्र्याची अख्खी शीट वाया जाते, शिवाय म्हशीच्या शिंगाचा जो खोलगट भाग आहे त्यावर लांब शिरोरेषा बसणार नाही, तिथे पाणी धरेल आणि गंज येईल. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस कोसळतो, आणि त्यातला भरपूर हिस्सा आमच्याही अंगणात येतो. गंजाचे नाव काढल्यावर कार्ल्याचा माणूस कोणतीही अट मान्य करतो.

परतताना माझ्या मनात आले, की कार्ल्याच्या शिलालेखांतील प्राकृताचे कोडे मला आज उलगडले. 'श्रेष्ठी' चा तेथे 'सेठि' आहे, 'स्तंभ' चा 'थभ' आहे, 'सिंह' बिचारा अनुस्वारही गमावून 'सिह' झाला आहे. भाषाशास्त्रज्ञ याची कारणे उच्चारसुलभतेत शोधतात, आणि विद्वानांचा मान राखून मी त्यांना वाट देतो. परंतु पाथरवटाचा दर जर अक्षरी असेल आणि जोडाक्षराला तो दुप्पट लागत असेल, तर धेनुकाकटच्या काटकसरी अत्तरविक्याने संस्कृत कशासाठी कोरवून घ्यावे? 'प्रसन्न' चे 'पसन' करून आणावे काय, अशी सूचना मी दादांस केली. त्यांनी तिचा गंभीरपणे विचार केला, हे मला अधिक भयावह वाटले.

पुढील घडामोड काटछाटीची आहे. प्रथम 'प्रसन्न' गेले, कारण ते सर्वांत महाग होते. प्रसन्नता देवीच्या स्वभावातच असल्याने ती स्वतंत्रपणे नमूद करण्याची जरूर नाही, अशी मखलाशी झाली. मग 'एकवीरा' वरून वेलांटीचा कज्जा पुन्हा उपस्थित झाला, आणि त्या कज्ज्यात दोन्ही पक्ष इतके हट्टास पेटले, की तहाची अट म्हणून तो शब्दच वगळण्यात आला. उरले ते 'आई'. जोडाक्षर नाही, वेलांटी नाही, ऱ्हस्वदीर्घाचा वाद नाही. डोंगरावरचीही तीच, घरातलीही तीच. वाघाचा पक्ष चिरंजीवांनी सोडला, कारण देवीच्या वाघावरून पुढे बोलण्याची सोय नव्हती.

बसविण्याच्या कृतीत फारसे नाट्य नाही. वितळजोड करावी तर जुना पत्रा तापून वाकतो, पितळ वापरावे तर लोखंडाशी त्याचे पटत नाही व पावसात फाळका कुजू लागतो; म्हणून स्टीलच्या अक्षरांना मागून खुंट्या, पत्र्याला भोके, मधे रबराच्या चकत्या आणि आतून नट, अशी तजवीज झाली. फॅब्रिकेशनवाल्याने अक्षरे फाळक्याच्या वरच्या अंगास घेतली, कारण खालच्या अंगास घेतली तर फाळका सोडताक्षणी ती हुकावर आदळतात. फाळका सोडला की मजकूर उलटा होतो, याला मात्र उपाय नव्हता. बाजारात माल उतरेपर्यंत 'आई' शीर्षासनात असते. पासिंगच्या वेळी तपासणाऱ्या साहेबांनी नंबरप्लेटची अक्षरे नियमाप्रमाणे पासष्ट मिलिमीटर उंच आणि दहा मिलिमीटर जाड आहेत ना, एवढे पाहिले. वरच्या दोन अक्षरांपाशी त्यांनी नकळत हात जोडले आणि पुढच्या गाडीकडे वळले.

पावती मात्र घरी आली ती आईच्या हाती पडली. तिने चष्मा लावून ती मोठ्याने वाचली: "आई, स्टील, आठ इंची, नग दोन." मग दादांकडे पाहून तिने विचारले, "दोन कशा रे?" दादा उत्तराची जुळवाजुळव करीत होते, तोच दिवाळीनिमित्त मुक्कामास आलेल्या त्यांच्या सासूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "राहू द्या हो विहीणबाई. जावयाने माझी एवढी आठवण ठेवली, आता हिशेब कशाला विचारता?"