भाडेकरूने स्कूटर कुठे ठेवावी?

ही मार्गदर्शिका बदलापुरात अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅट घेणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. कात्रपला घ्या, शिरगावला घ्या की पश्चिमेला हेंद्रेपाड्यात घ्या, सीएसएमटी ६८ किलोमीटरवरून जवळ सरकत नाही. पहाटेची लोकल पकडायची तर स्टेशन गाठायला स्कूटर लागते. स्कूटर आली की पार्किंग आले, पार्किंग आले की सेक्रेटरी आले आणि सेक्रेटरी आले की नियम आले. नियम सर्वांना सारखेच असतात. ते कुणाला ऐकवायचे, एवढेच कमिटी ठरवते.

१. घर पाहताना

"पार्किंग आहे ना?" या प्रश्नाला एजंट "भरपूर!" असे उत्तर देईल. तो खोटे बोलत नसतो. पार्किंग भरपूर असते, फक्त ते दुसऱ्यांचे असते. घर दुपारी दाखवण्याची पद्धत आहे, कारण दुपारी स्टिल्टखाली कबड्डीचा सामना भरवता येईल एवढी जागा मोकळी दिसते. आपण रात्री साडेदहानंतर पुन्हा एकदा गुपचूप जाऊन यावे. तेव्हा गाड्या एकमेकींना इतक्या खेटून उभ्या असतात की मधली काढायची तर तीन घरांच्या बेल वाजवाव्या लागतात.

खांबांवरचे आकडे नीट वाचावेत. ऑइल पेंटने 'बी-२०३' लिहिलेले असते, त्यावर चुन्याचा फटका, चुन्यावर लाल रंगात 'बी-४०१' आणि शेजारी बॉलपेनने बारीक अक्षरात 'ही जागा पहिल्यापासून आमची आहे'. इमारतीचा इतका सविस्तर इतिहास सोसायटीच्या दप्तरातही सापडत नाही.

२. कागदपत्रे करताना

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. हे वाक्य मालकासमोर चहा पिताना, सहज आठवल्यासारखे म्हणावे. नोंदणी त्याच आठवड्यात होते.

करारात 'पार्किंगसह' एवढ्याच शब्दावर समाधान मानू नये. कोणता खांब, ते लिहून घ्यावे.

आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. मालकाने आगाऊ कळवणे आणि कागदांच्या प्रती देणे पुरेसे असते. तरीही एनओसी मागितली जाईल, आणि तीही सामानाचा टेम्पो गेटवर उभा असताना. अशा वेळी उपविधींचा क्रमांक सांगत बसू नये. टेम्पोवाल्याचे वेटिंग उपविधींत बसत नाही.

एक गोष्ट मात्र मनात ठेवावी. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. म्हणजे मालक तिथे राहत नाही याची नोंद मेंटेनन्सच्या प्रत्येक बिलात होते. तुम्ही राहता, याची नोंद फक्त स्कूटर चुकीच्या जागी लावल्यावर होते.

३. स्टिल्टखाली

दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल दिला की स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे. ती सामाईक जागा आहे आणि बिल्डरने ती वेगळी विकता कामा नये. मागणी जास्त आणि जागा कमी असेल तर सभासदांमध्ये चिठ्ठ्या टाकून वर्षापुरते वाटप करावे, असे आदर्श उपविधी सांगतात. हा निकाल बदलापूरपर्यंत येऊन पोहोचलेला आहे. उभे राहायला जागा नसल्यामुळे तो गेटबाहेर थांबला आहे.

तोपर्यंत वाटपाचा चालू क्रम असा समजावा: (क) बुकिंगच्या वेळी बिल्डरला रोख देऊन पावती न घेतलेले सभासद; (ख) कमिटी; (ग) कमिटीचे मेहुणे; (घ) कव्हर घातलेली, चारही टायर बसलेली मारुती, जिचे मालक हल्ली पुण्याला असतात; (ङ) भाडेकरू.

यातील (घ) कडे बोट दाखवू नये. "ते आपले फाउंडर मेंबर आहेत," असे उत्तर मिळते. गाडीला मत नसते, पण गाडीच्या मालकाला असते. तुम्ही रोज येता-जाता, पाण्याचा टँकर आला की पाइप धरायलाही उतरता, पण सर्वसाधारण सभेत हात वर करू शकत नाही. स्टिल्टखालची जागा फुटांत मोजायची नसते, वर झालेल्या हातांत मोजायची असते.

४. जिना, पॅसेज आणि गच्ची

नोटीस बोर्डावर कायमची नोटीस असते: 'जिन्यात व पॅसेजमध्ये चपलांचे स्टँड, सायकली, कुंड्या ठेवू नयेत. ठेवल्यास उचलून नेण्यात येईल.' नोटीस अगदी योग्य आहे. आग लागली तर उतरायला तीच एक वाट असते. म्हणून आपले स्टँड निमूटपणे आत घ्यावे.

आत घेताना आजूबाजूला पाहू नये. पाहिल्यास मीटर रूमच्या दाराशी गेल्या गणपतीचे थर्माकोलचे मखर, जिन्याच्या वळणावर लाद्यांची उरलेली खोकी, गच्चीच्या दाराआड तडा गेलेली टाकी आणि पंखा नसलेला कूलर दिसेल. हे कुणाचे, असे विचारल्यास "सोसायटीचे" असे सांगितले जाईल. सामानाचा मालक फ्लॅट विकून गेलेला असतो आणि सामान राहिलेले असते. इमारतीतला सर्वांत पक्का रहिवासी म्हणजे भंगार. त्याला ना अकरा महिन्यांची मुदत, ना पोलिसांत माहिती, ना एनओसी.

५. कारवाई झाल्यास

पहिली पायरी फोटोची. तुमची स्कूटर पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर टायरभर आली की तिचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो. ग्रुपमध्ये तुम्ही नसता, मालक असतात. ते डोंबिवलीहून तो फोटो तुम्हाला पाठवतात आणि खाली हात जोडलेल्या खुणेसह लिहितात, 'प्लीज बघून घ्या.' तुम्ही खिडकीतून वाकून पाहिलेत तर फोटो काढणारे काका अजून खालीच उभे असतात.

दुसरी पायरी वॉचमनची. "साहेब, मला बोलायला लावतात," असे तो म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नये. इमारतीत मत नसलेले दोघेच, एक तुम्ही आणि दुसरा तो.

तिसरी पायरी हवेची. टायरमधली हवा काढण्याचा अधिकार कमिटीला कुठल्याही कायद्याने दिलेला नाही. दंड लावायचा तरी आधी नोटीस द्यावी लागते आणि म्हणणे ऐकून घ्यावे लागते. म्हणूनच हवा कुणी काढली, हे कधीच कुणाला माहीत नसते. घरात हातपंप ठेवावा. आत, पॅसेजमध्ये नव्हे.

६. पूर आल्यास

उल्हास नदी उपविधी वाचत नाही. २६ जुलै २००५ ला ती वाचत नव्हती आणि जुलै २०१९ मध्येही नाही. त्या वर्षी महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून काढावे लागले. नदीकाठच्या भागात असे पाणी शिरते तेव्हा स्टिल्ट सर्वांत आधी भरतो आणि (क) ते (ङ) हा सगळा क्रम पुसला जातो.

अशा रात्री जिन्यात वाहने न्यायला पूर्ण मुभा असते. सेक्रेटरी स्वतः लुंगी खोचून तुमची स्कूटर मागून ढकलतात आणि "जोर लावा, जोर!" असे ओरडतात. पहिल्या मजल्याच्या पॅसेजमध्ये कमिटीची बुलेट आणि भाडेकरूची स्कूटर हँडलला हँडल लावून उभ्या राहतात. ही समता पाणी ओसरेपर्यंत टिकते. चिखल धुऊन झाला की बोर्डावर नवी नोटीस लागते: 'पॅसेजमध्ये वाहने ठेवलेल्या भाडेकरूंनी ती त्वरित हलवावीत.' बुलेट सावकाश उतरते.

७. घर सोडताना

अकरा महिने संपल्यावर डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले जातील, ते गृहीत धरावे. सर्व सामान न्यावे, मात्र एखादी मोडकी सायकल जिन्याखाली विसरावी. सहा महिन्यांत तिला जिना लागू होईल, वर्षभरात ती 'सोसायटीची' होईल आणि पुढच्या भाडेकरूला तिच्या जागी स्कूटर लावू दिली जाणार नाही. आपल्याला जे जमले नाही ते सायकलला जमेल.

ही मार्गदर्शिका वाचून झाल्यावर पॅसेजमध्ये टाकू नये. सभासद असाल तर चालेल.