फर्स्ट कोण, सेकंड कोण

बारावी सायन्सच्या पोराला मध्यरात्री हलवून उठवलं, तर स्वतःचं नाव सांगायच्या आधी तो म्हणेल, "फर्स्ट इंटू इंटिग्रेशन ऑफ सेकंड, मायनस इंटिग्रेशन ऑफ, डेरिव्हेटिव्ह ऑफ फर्स्ट इंटू इंटिग्रेशन ऑफ सेकंड, डीएक्स!" आमच्या क्लासात हे सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. सर डस्टरने टेबलावर ठेका धरायचे आणि शेवटचं 'डीएक्स' बरोबर समेवर पडायचं. अर्थ कोणी विचारत नसे.

इंटिग्रेशन बाय पार्ट्सचं श्रेय ब्रूक टेलर या इंग्रज गणितज्ञाला देतात. त्याच्या १७१५ सालच्या पुस्तकातच टेलर सीरिजही आहे. म्हणजे बारावीतून जे सुटतील त्यांना इंजिनिअरिंगला गाठायची सोयही या गृहस्थाने तेव्हाच करून ठेवली.

मुळात गोष्ट साधी. गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम असतो, तोच उलटा फिरवायचा. पण फिरवल्यावर उत्तर मिळत नाही, वजाच्या पलीकडे आणखी एक इंटिग्रेशन मिळतं. मी म्हटलं, "सर, इंटिग्रेशन सोडवायचं होतं, हे तर पुन्हा इंटिग्रेशनच आलं!" सर म्हणाले, "सावकाराचं कर्ज फेडायला पतपेढीचं काढतात ना? नवं जुन्यापेक्षा हलकं असलं, की झालं." क्लासची फी त्या एका वाक्यात वसूल झाली.

आता एक्स गुणिले ई रेज टू एक्स घ्या. एक्सला फर्स्ट धरलं, की त्याचं डेरिव्हेटिव्ह नुसतं एक. मागे उरतं ते ई रेज टू एक्स, जे डिफरन्शिएट करा नाहीतर इंटिग्रेट, जागचं हलत नाही. दोन ओळींत काम तमाम. उलटं धरलंत, तर एक्सचा वर्ग होतो, पुढच्या फेरीत घन होतो, मग पुरवणी मागावी लागते, आणि सुपरवायझरला वाटतं पोरगं भलतंच हुशार आहे.

पहिला मान कोणाचा, हे ठरवायला 'आयलेट' असतं: इनव्हर्स, लॉग, अल्जिब्रिक, ट्रिग, एक्स्पोनेन्शियल. शेजारच्या क्लासात 'लायेट' शिकवत. आय आधी की एल, यावरून सायकल स्टँडवर हमरीतुमरी व्हायची. वास्तविक इनव्हर्स आणि लॉग एकाच गणितात क्वचितच भेटतात, पण तेवढ्यासाठी भांडण कोण सोडतो?

एकटं लॉग एक्स आलं, की वर्ग चिडीचूप. फर्स्ट मिळाला, सेकंड कुठून आणायचा? सरांनी शेजारी एक लिहिला. एकाचं इंटिग्रेशन एक्स, लॉगचं डेरिव्हेटिव्ह वन अपॉन एक्स. दोघं एकमेकांना कापून मोकळे. उत्तर, एक्स लॉग एक्स वजा एक्स. "सर, हा एक आला कुठून?" "तिथेच होता. तुम्ही बघितला नाहीत."

खरी परीक्षा ई रेज टू एक्स साइन एक्सची. साइनचं कॉस, कॉसचं साइन. दोन फेऱ्यांनी मूळचंच गणित वजाचं चिन्ह लावून हजर. ते डावीकडे न्यायचं, दोनाने भागायचं, सुटलं! मात्र दुसऱ्या फेरीत फर्स्ट-सेकंडची अदलाबदल केली, तर पानभर मेहनतीनंतर सिद्ध होतं की शून्य बरोबर शून्य. चूक काहीच नाही, मार्कही तेवढेच.

एकदा मागच्या बाकावरच्या एकाने वन अपॉन एक्सवर हाच प्रयोग केला. वन अपॉन एक्स फर्स्ट, एक सेकंड. दोन्हीकडचं इंटिग्रेशन कापलं आणि फळ्यावर उरलं: शून्य बरोबर एक. वर्गाने टाळ्या वाजवल्या. सरांनी खडू घेतला आणि 'प्लस सी' लिहिलं. मार्क कापतात म्हणून आपण भीतीपोटी चिकटवतो तो हाच सी. दोन्हीकडच्या इंटिग्रेशनमध्ये एखाद्या स्थिर संख्येचा फरक असू शकतो, तो एक त्यातच जिरतो. गणित वाचलं. शून्य बरोबर एक झालं असतं, तर चाचणीत आमच्यापैकी बऱ्याच जणांचे मार्क वाढले असते. तेवढी आशाही सरांनी एका अक्षरात संपवली.