आळीतलं प्रदूषण नियंत्रण मंडळ

दुसऱ्याच्या धुराला नाक मुरडणारा आणि स्वतःच्या धुरात सुखाने नांदणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक आळीत असतो. महाडात आमच्या आळीत हे पद अप्पांकडे आहे. एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात उभी हयात गेल्यामुळे बेंझिन, टोल्युईन, फॉर्मल्डिहाइड ही नावं ते भाचरांची चौकशी करावी तितक्या जिव्हाळ्याने घेतात.

पावसाळ्यात महाडातल्या भिंतींना घाम फुटतो, चपलांवर बुरशी धरते आणि कपाट उघडलं की कपड्यांच्या आधी कुबट वास बाहेर पडतो. जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचं पाणी घरात येऊन गेल्यापासून तर हा वास अधिकच मुरलाय, असं अप्पांच्या घरच्यांचं मत. म्हणून पुण्याच्या सुनेने गणपतीला येताना लॅव्हेंडरच्या वासाची मेणबत्ती आणली. चांगली काचेच्या पेल्यातली, झाकणाची.

अप्पांनी चष्मा पुसला.

"सूनबाई, हे पॅराफिन. पेट्रोलियमचा गाळ. घरात जाळतात का कोणी?"

"बाबा, सोयाच्या मेणाची आहे ती."

"मग वास कुठून आला? सोयाबीनला येतो का असा वास?"

पंचाईत अशी, की अप्पा अगदीच हवेत बोलत नव्हते. मेण कुठलंही असो, वात लांब राहिली आणि ज्योत फडफडली की काजळी धरणारच. लिंबू-संत्र्याच्या वासातलं लिमोनीन हवेतल्या ओझोनला भेटलं की थोडं फॉर्मल्डिहाइडही तयार होतं. पूर्वी काही मेणबत्त्यांच्या वातीत शिशाची तार असायची. अमेरिकेने २००३ मध्ये तशा वातींवर बंदी घातली. ही सगळी कथा अप्पांनी गौरी-गणपतीच्या गर्दीत उभ्या उभ्या लावली. तेव्हा मखरापुढे अख्खा उदबत्तीचा पुडा जळत होता, आरतीचा कापूर काळा धूर ओकत होता, आजी धुपाटणं घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होती, आणि अप्पांच्याच खुर्चीखाली डासांची कॉइल शांतपणे वेटोळं संपवत होती. खिडक्या बंद. पावसाची झड आत येते ना!

नातू कॉलेजात शिकतो. त्याने मोबाइलवरून वाचून दाखवलं, "आजोबा, २००३ मधला अभ्यास आहे. एक कॉइल संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण घरात सोडते."

"ती डासांसाठी आहे," अप्पा म्हणाले. "माणसांनी कशाला ओढायची?"

उदबत्तीचा विषय काढायची हिंमत नातवालाही झाली नाही. देवाच्या धुराला अप्पांच्या मंडळाची कायमची ना हरकत आहे. खरं तर फुप्फुसाला धूर देवाचा की पुण्याचा, हे कळत नाही. पण हे त्या घरात सांगणार कोण?

शेवटी मेणबत्ती हद्दपार होऊन पोलादपूरला अप्पांच्या बहिणीकडे गेली. तिथे दिवे गेले की तिचा उपयोग होईल, हे कारण. पण चैन पडेना. चारच दिवसांत अप्पा एसटीने पोलादपूरला तपासणीला हजर. वात पाव इंचाहून लांब ठेवू नकोस, पंख्याखाली लावू नकोस, चार तासांवर पेटती ठेवू नकोस, घरात दमेकरी असेल तर लावूच नकोस, अशी नियमावली त्यांनी ओटीवरूनच म्हणायला सुरुवात केली. एकेक नियम बिनचूक.

आत्याबाई न्हाणीघरातल्या चुलीत ओली लाकडं सारून फुंकणीने फुंकत होत्या. धुरात त्या दिसत नव्हत्या, नुसता आवाज आला, "दादा, जन्म गेला माझा या धुरात. तेव्हा नाही आलास रे तपासायला!"

अप्पा खोकले. मग म्हणाले, "तो लाकडाचा आहे. नैसर्गिक."

मेणबत्तीबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर अप्पांकडे जा. माहिती चोख मिळेल. दिवसातून एखादा तास, खिडकी उघडून, वात कापून लावली तर त्या पेल्याने धडधाकट माणसाचं फारसं बिघडणार नाही. त्यांच्या घरी बसताना मात्र खुर्ची दाराशी ओढून घ्या, आणि जमलं तर जाता जाता पायाने ती कॉइल विझवा.