मागील पानावरून

एक्सेलच्या शीटला तळ आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. रिकामी शीट उघडून कंट्रोल आणि खालचा बाण एकदम दाबला की माणूस क्षणात १०,४८,५७६व्या ओळीवर जाऊन उभा राहतो. तिथे काही नाही. चहाची टपरी नाही, ‘येथे कचरा टाकू नये’ असा फलक नाही. तिथून कंट्रोलसकट उजवा बाण दाबला तर एक्सएफडी नावाचा १६,३८४वा स्तंभ येतो, आणि त्यापलीकडे नुसती कडा. दुपारच्या आळसात मी कधी कधी तिथवर जाऊन येतो. भूमीचं टोक पाहून आल्याचं जे एक निरुपयोगी समाधान असतं, ते मिळतं. एक्सेल २००७ यायच्या आधी हा तळ बराच वर होता, ६५,५३६व्या ओळीवर, आणि तेव्हाही बहुतेकांना तो कधी लागला नाही. हाताने टंकून टंकून माणूस किती टंकेल? मध्येच त्याला भूक लागते, मान अवघडते, पाच वाजतात. शीट भरायचं काम प्रोग्रामकडे गेलं आणि पाच वाजायचे थांबले.

या न वाजणाऱ्या पाचांवर माझं पोट चालतं. मी पतसंस्थांना रिपोर्ट काढून देणारे प्रोग्राम लिहितो. मागणी साधारण एकच असते : सगळे सभासद, सगळे व्यवहार, स्थापनेपासून आजपर्यंत, एकाच शीटमध्ये, ‘आणि हेडिंगला जरा पिवळा रंग असू द्या.’ बाकी काही विसरेल, पिवळा कुणी विसरत नाही. एकदा मी एका व्यवस्थापकांना विचारलं, “साहेब, चार लाख ओळी वाचणार कोण?” ते शांतपणे म्हणाले, “वाचायच्या कुणाला आहेत? असाव्यात.” यावर मला बोलता आलं नाही. माझ्याही कपाटात नुसती असावीत म्हणून असलेली पुस्तकं आहेत, आणि पाहुणे आले की मी त्यांच्याकडे वाचल्यासारखा बघतो.

बाहेरून पाहिलं तर एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे झिप करून घडी घातलेला एक्सएमएलचा गठ्ठा. घडीत असतो तोवर तो बापडा लहान दिसतो. पण प्रोग्राम तो गठ्ठा स्वतःच्या मेमरीत उलगडून बसला की एकेका चौकटीला जीव येतो : तिच्यातला मजकूर, तो आकडा आहे की अक्षर, फॉन्ट कोणता, कडा कुठल्या बाजूंना. पायथॉनच्या ओपनपायएक्सएल या लायब्ररीच्या माहितीपत्रकात सरळच लिहिलंय की मूळ फाइलच्या साधारण ५० पट मेमरी लागते. फाइल ५० एमबीची तर मेमरी अडीच जीबी. माझे प्रोग्राम जावातले, पण भूक तशीच : इथे चार लाख ओळी, तीस स्तंभ, म्हणजे एक कोटी वीस लाख चौकटी, आणि शेवटची लिहून होईपर्यंत पहिलीसुद्धा हातातून सोडायची नाही असा पण. प्रोग्राम बराच वेळ काही बोलत नाही, सर्व्हरचा पंखा तेवढा बोलतो. मग ‘जावा हीप स्पेस’ एवढाच त्रोटक निरोप मागे ठेवून सगळं थांबतं. फाइल सापडते, पण शून्य बाइटची.

हे पाहताना मला आप्पा आठवतात. माझे आजोबा गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे सचिव होते. संध्याकाळी कंदिलाची काच पुसून ते कीर्द लिहायला बसत. एक ओळ लिहायची, टीपकागद दाबायचा, पुढची ओळ. पान संपलं की तळाशी बेरीज मांडून ‘पुढील पानावर’ असं लिहायचे. पान उलटायचं, आणि नव्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’ लिहून तीच रक्कम उतरवायची. त्या एका रकमेशिवाय मागचं काहीही ते सोबत आणत नसत. मी लहानपणी विचारलं होतं, “आप्पा, मागच्या पानावर काय होतं?” “ते वहीला विचार,” असं म्हणून ते पुढच्या ओळीला लागले. आज मी ज्या अपाची पीओआय नावाच्या लायब्ररीवर काम करतो, तिच्यात एसएक्सएसएसएफ नावाची एक सोय आहे. ती आप्पांच्या वळणाची. मुळात शंभर ओळी तेवढ्या मनात ठेवते; एकशे एकावी आली की सगळ्यात जुनी डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलीत उतरवते आणि मोकळी होते. उतरवलेल्या ओळीकडे पुन्हा बघता येत नाही, खाडाखोड करता येत नाही. चार लाख ओळी मग निमूटपणे निघून जातात आणि सर्व्हरचा पंखाही हळू आवाजात बोलतो. अडतं ते स्तंभांच्या रुंदीपाशी. सगळ्यात लांब नाव मावेल एवढा स्तंभ करायचा, तर सगळी नावं पाहायला हवीत, आणि ती तर केव्हाच हातावेगळी झालेली. म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवावं लागतं : ओळी विसर, पण कुणाचं नाव किती लांब होतं तेवढं लक्षात असू दे. त्यातून आमच्या सभासदांची नावं स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव मिळून तीन मजली, आणि सर्व्हरवर बरेचदा देवनागरीचा फॉन्टच नसतो. न दिसणाऱ्या अक्षरांचं माप घेणारा तो प्रोग्राम पाहिला की त्याच्यावर रागावता येत नाही.

आप्पांचं पान संपलं की दुसरं होतं. जुन्या एक्सएलएस फाइलला ते नव्हतं. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने करोना चाचण्यांचे निकाल गोळा करायला हीच जुनी जात वापरली. एकेका निकालाला अनेक ओळी लागत, फाइल भरली, आणि पुढच्या ओळी कुठलाही आवाज न करता गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबरच्या दरम्यानचे १५,८४१ बाधित असे गणतीबाहेर राहिले. त्यांचे निकाल त्यांना कळले होते. पण त्यांच्या सहवासात कोण आलं होतं, ते शोधायला निघणाऱ्यांपर्यंत ही नावं वेळेत पोचली नाहीत. ‘पुढील पानावर’ असं लिहिणारं तिथे कुणी नव्हतं.

सजावटीचा हव्यास ही वेगळी कथा. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलाने प्रत्येक चौकटीसाठी स्वतंत्र स्टाइल तयार करणारं लूप लिहिलं होतं. लग्नात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासाठी वेगळा शिंपी बसवावा, आणि सगळ्यांनी एकसारखाच सदरा शिवावा, असं ते होतं. ६४,००० शिंप्यांनंतर पीओआयने हात जोडले. एका फाइलीत तेवढ्याच स्टाइल चालतात. एकच स्टाइल लूपच्या बाहेर बनवून सगळ्यांना दिली की झालं, पण त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, याच्या लेखी प्रत्येक चौकट वेगळी होती, त्यात वाईट काय? ज्यांनी पीओआय लिहिली त्यांनी तर जुन्या एक्सेलच्या फाइली वाचता वाचता जेरीस येऊन आपल्या भागाला ‘हॉरिबल स्प्रेडशीट फॉरमॅट’ असंच नाव देऊन टाकलं होतं, आणि वर्डच्या भागालाही तोच ‘हॉरिबल’ लावला होता. इतक्या वैतागाने सुरू केलेलं काम इतकी वर्षं मायेने सांभाळणारी माणसं मला फार जवळची वाटतात.

स्टाइल द्यायची राहिली तर तारखा उघड्या पडतात. एक्सेलला तारीख म्हणजे १ जानेवारी १९००पासून मोजलेला दिवस. २७ फेब्रुवारी १९१२, कुसुमाग्रजांची जन्मतारीख, फॉरमॅटविना छापली तर शीटवर ४४४१ एवढंच उमटतं. त्या ४४४१ मध्येही एक दिवस कधीच न उगवलेला आहे : १९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण लोटस १-२-३ने ते तसं धरलं आणि एक्सेलने त्याच्याशी जमवून घेण्यासाठी २९ फेब्रुवारी १९०० मुद्दाम तसाच ठेवला. साठाव्या क्रमांकावर तो आजही आहे. न झालेल्या दिवसाला जागा आहे आणि लोकमान्यांच्या २३ जुलै १८५६ला नाही. ती एक्सेलला तारीख वाटतच नाही, नुसती अक्षरं वाटतात. लोकमान्यांना हे कळलं असतं तर केसरीचा एक अग्रलेख नक्की झाला असता.

राहिले स्वल्पविराम. सर्व्हरवर बसून लाख-कोटींत आकडे तोडायचे तर फॉरमॅटमध्ये अटी घालाव्या लागतात : कोटीच्या वर असेल तर असं तोड, लाखाच्या वर असेल तर तसं, बाकी सगळं हजाराच्या हिशेबाने. एक्सेल दोनच अटी घालू देतं. उणे रक्कम कितीही मोठी असो, ती लाखापेक्षा लहानच, त्यामुळे ती ‘बाकी सगळं’मध्ये पडते आणि मिलियनमध्ये तुटते. जमा असेल तोवर आकडा आपला, तोट्यात गेला की परदेशी. तोट्यातल्या शाखांसाठी निराळी स्टाइल लावून हे सुधारता येतं, असं मी एका शाखाधिकाऱ्यांना सांगितलं. त्यांनी आपल्या शाखेची रक्कम बोटाने शोधली, ओठ हलवत दोनदा वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

“राहू द्या,” ते म्हणाले. “कळायला जरा वेळ लागतो, तेवढाच धीर.”