सौ. गृहिणी, मोठा अमेरिकेत

१९८७ साली इंजिनियर होऊन बाहेर पडलेल्या आमच्या बॅचच्या मेळाव्यासाठी स्मरणिका काढायचं ठरलं आणि संपादन माझ्या गळ्यात पडलं. मी कॉलेजात जर्नल स्वतःच्या हातानं लिहीत असे, अशी एक अफवा आहे; तिचा हा परिणाम. प्रत्येकानं शंभर शब्दांत माहिती पाठवायची होती: नोकरी-धंदा, कुटुंब, सध्या काय चाललंय. मजकूर येऊ लागले आणि मला हॉस्टेलमधली जीटी आठवली. ज्यांना हे शास्त्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन खुर्च्यांवर काच आडवी टाकायची, खाली बल्ब लावायचा, हुशार मुलाची ड्रॉइंग शीट काचेवर ठेवून तिच्यावर आपली कोरी शीट पसरायची आणि उमटलेल्या रेघांवरून पेन्सिल फिरवायची. ग्लास ट्रेसिंग. सबमिशनच्या आदल्या रात्री याच प्रकाशात महाराष्ट्राचं औद्योगिक भवितव्य उजळत असे. आता आलेला मजकूरही तसाच. ‘देवदयेने सर्व उत्तम. मोठा अमेरिकेत सेटल, धाकटी बंगळुरूत, सौ. गृहिणी.’ मूळ शीट कुणाची ते अजून कळलेलं नाही.

आता यात खोटं काही नाही. पण जे लोक आपल्याला गणिताच्या एम-थ्री पेपरात दोनदा गचकताना बघून बसलेत, त्यांच्यासमोर रुबाब कसा करायचा ही खरी अडचण असते. म्हणून हुद्दे मोठे आणि तपशील लहान. सरकारी खात्यात गेलेले सगळे अठ्ठावन्नाव्या वर्षी नियमानं घरी बसले. आता सगळे ‘कन्सल्टंट’ आहेत. कुणाला सल्ला देतात, असं एकाला फोनवर विचारलं. म्हणाला, “सध्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं बघतोय.”

खरं तर आमच्या बॅचला स्वतः काही करावंच लागलं नाही, जगच बदलत गेलं. टेल्कोत लागलेला मित्र टाटा मोटर्समधून निवृत्त झाला. मध्ये २००३ साली कंपनीनं नाव बदललं तेवढंच. वीज मंडळातल्या मित्रानं तर त्याच खुर्चीत, त्याच पंख्याखाली नोकरी बदलली. २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, आणि ‘मंडळात आहे’ म्हणणारा माणूस ‘कॉर्पोरेटमध्ये आहे’ म्हणू लागला. डबा तोच, बाराला उघडणारा.

झेप घेतली ती वायटूकेवाल्यांनी. दोन हजार साल उजाडलं की जुन्या संगणकांना ते एकोणीसशे वाटणार, कारण वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवलेले, या एका काटकसरीवर आमच्या अर्ध्या वर्गाचे संसार उभे राहिले. आमचा ‘काका’ सिव्हिलचा. थिओडोलाइट तीन पायांवर सरळ उभा करणं त्याला चार वर्षांत जमलं नाही. पण सहा महिन्यांत कोबोल शिकून तो मेतकुटासह अमेरिकेत उतरला आणि तिथल्या बँकांच्या तारखा दुरुस्त करू लागला. त्यानं पूल बांधले नाहीत, याबद्दल मी दोन्ही देशांच्या वतीनं आभारी आहे.

आमच्या वर्षाची आणखी एक मिजास होती. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि आम्ही नेमके त्याच साली मार्कांवर सरकारी कॉलेजात शिरलो. त्यामुळे पुढची चार वर्षं आम्ही ‘डोनेशनवाल्यां’कडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं त्यांनी पुढं आमचे इन्क्रिमेंट फॉर्म पाहिले. वर्गातल्या निदान चौघांचा साहेब डोनेशनवाला होता. हे कुणीच लिहिलेलं नाही. पोरांसाठी मॅनेजमेंट कोट्यात किती मोजले, तेही नाही.

कुटुंबाच्या रकान्याबद्दल मात्र मला राग आहे. बदल्या, सासू-सासऱ्यांचं दुखणं, पोरांच्या दहावी-बारावी एकहाती ओढून नेणाऱ्या बाईला ‘सौ. गृहिणी’ एवढ्यात आटोपायचं आणि स्वतःच्या सिक्स सिग्मा सर्टिफिकेटला तीन ओळी द्यायच्या! आता याच सौ. नातवंडासाठी न्यू जर्सीला असतात. अमेरिका पाहुण्याला साधारण सहा महिने राहू देते, म्हणून आधी तिकडची आजी, मग इकडची आजी, अशा पाळ्या लागतात. आमच्या कारखान्यांत शिफ्टचं नियोजन इतकं चोख कधीच नव्हतं. आजोबा मागे राहून ‘कन्सल्टंट’ होतात, ते वरणाला फोडणी आधी की नंतर, हे व्हिडिओ कॉलवर विचारणारे.

वर्गात मुली चारच. त्यांना शोधताना घाम फुटला, कारण आडनावं बदललेली आणि आम्हाला तेव्हाही पहिली नावं उच्चारायची हिंमत नव्हती. एकीनं लिहून पाठवलं, ‘नवऱ्याच्या बदल्यांपायी तीन नोकऱ्या सोडल्या. चौथी त्याला बजावून घेतली. चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त.’ सगळ्या स्मरणिकेत याच्या तोडीचा मजकूर नाही. तो मी पहिल्या पानावर घेतोय. कुणाची तक्रार असेल तर त्यांनी तिच्याशी बोलावं. माझी अजून हिंमत नाही.

सगळ्यात छोटा मजकूर कोल्हापूरकडच्या ‘अण्णा’चा. डिग्री घेऊन गावी गेला, गुऱ्हाळ चालवलं. त्यानं लिहिलंय, ‘बरं चाललंय.’ उसाचा भाव पडला तेव्हाही बरं, पंचगंगा शिवारात शिरली तेव्हाही बरं. मेळाव्याच्या जेवणाचा आगाऊ खर्च त्यानंच भरला, आणि ‘सेटल’ मंडळींची वर्गणी अजून यायची आहे.

जे गेले त्यांच्यासाठी काळ्या चौकटीचं वेगळं पान काढा, अशी सूचना आली. मी ती मानलेली नाही. त्यांची नावं रोल नंबरप्रमाणे आपापल्या जागीच राहतील. हजेरीत प्रॉक्सी मारायची सवय आहेच आपल्याला.

तेव्हा मित्रांनो, उरलेल्यांनी मजकूर लवकर पाठवा. गुडघे, साखर, स्टेंट यांचा उल्लेख एका ओळीत करावा; सविस्तर चर्चा जेवणानंतर होणारच आहे. मुलाचं पॅकेज लिहू नये. आणि फोटो आत्ताचा पाठवा. लग्नातला फोटो छापून घेणाऱ्याला मेळाव्याच्या दारात कुणी ओळखलं नाही, तर संपादक जबाबदार राहणार नाही.