पगारी पर्यावरणप्रेमींसाठी प्राथमिक पुस्तिका

ही पुस्तिका कोणासाठी, ते आधी सांगून टाकू. सप्टेंबरात ब्रिटनमधल्या लीड्स, शेफील्ड, नॉरिच अशा गावी एका वर्षाच्या मास्टर्ससाठी उतरलेल्या, बॅगेत तीन लिटरचा कुकर आणि मेतकुटाची पिशवी असलेल्या, कॉफीच्या किमतीला मनातल्या मनात रुपयांनी गुणून पुढे चालू लागणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी. विद्यापीठाच्या नोकऱ्यांच्या यादीत कधीतरी ‘सस्टेनेबिलिटी ॲम्बेसेडर’ किंवा ‘स्टुडंट एंगेजमेंट असिस्टंट’ अशी जागा दिसेल. तासावर पगार, आठवड्याला थोडे तास, काम बहुतेक छपराखाली. पदाच्या नावाने दबून जाऊ नका. पहिल्या दिवशी हातात हिरवा टी-शर्ट आणि कचरा उचलायचा चिमटा पडतो.

पात्रता

जाहिरातीत ‘पर्यावरणाविषयी तळमळ’ मागितलेली असते. ती तुमच्याकडे आहेच. घरी तिला कोणी तळमळ म्हणत नव्हतं, एवढंच. पंखा चालू ठेवून खोलीबाहेर पडल्याबद्दल ज्यांनी बोलणी खाल्ली, दुधाच्या पिशव्या धुऊन-वाळवून रद्दीवाल्याला विकल्या, आजीच्या लुगड्याची गोधडी पांघरली आणि फ्रिजमधला श्रीखंडाचा डबा उघडल्यावर ज्यांना दरवेळी आलं-लसूण वाटणच दिसलं, त्यांनी अनुभवाचा रकाना कोरा सोडू नये. ‘संयुक्त कुटुंबात संसाधनांच्या पुनर्वापराचा दीर्घ अनुभव’ असं लिहा. खोटं काहीच नाही. फक्त हा अर्ज आईला वाचून दाखवू नका. ती मागची थकबाकी मागेल.

पगार

‘असल्या कामाचे पैसे कसले घ्यायचे?’ असं विचारणारे एक काका प्रत्येक घरात असतात. त्यांना सांगा की फुकट काम करणं त्यालाच परवडतं, ज्याचं भाडं घरून येतं. पर्यावरणाचं काम निव्वळ स्वयंसेवकांवर सोडलं की तिथे मोकळ्या संध्याकाळी असलेली मंडळीच उरतात. रात्रपाळीला गोदामात खोकी उचलणारा तिकडे फिरकत नाही. मग वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात काय बदलायचं, हे तिथे कधी भात न लावलेले लोक ठरवतात. पगार दिला की तो खोकीवालाही अर्ज करतो आणि खोलीत दुसऱ्या तऱ्हेचं बोलणं सुरू होतं.

महाराष्ट्राला हे नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रम करून शिकण्याला प्रतिष्ठा दिली. पुणे विद्यापीठातली ‘कमवा व शिका’ योजना त्यांच्याच नावाने चालते. तिथे बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात तासाच्या हिशेबाने काम करून शिकलेल्यांना कोणी ‘तळमळ आहे का’ असं विचारत नव्हतं. पण ते असो.

नियम मात्र नीट वाचा, कारण यात विनोद नाही. पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमासाठी स्टुडंट व्हिसावर आलेल्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार धरतात. एका आठवड्यात २४ आणि पुढच्यात १६, अशी सरासरी चालत नाही. दोन नोकऱ्या असतील तर दोन्हींचे तास एकत्र मोजतात. उन्हाळ्यात पदवीची मुलं सुट्टीवर जातात, पण मास्टर्सवाल्यांचा प्रबंध चालू असल्यामुळे त्यांचं सत्र कागदोपत्री बहुधा चालूच राहतं. कॅम्पस ओस पडलाय म्हणून जादा तास घेऊ नका. एकवीस वर्षं किंवा त्याहून मोठ्यांचं किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये तासाला १२.२१ पौंड झालं. गुणाकार करून झाला असेल तर पुढे चला.

कचरापेटीशास्त्र

सुरुवातीचे दिवस तुम्ही पेट्यांजवळ उभे राहून काढणार. ३१ मार्च २०२५ पासून इंग्लंडमध्ये दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना अन्नाचा कचरा आणि पुनर्वापरायोग्य कोरडा कचरा बाकीच्यापासून वेगळा काढावा लागतो. कायदा आला, पेट्या आल्या, त्यांवर चित्रं आली. आता त्या पेट्यांसमोर कॉफीचा रिकामा कप घेऊन थबकलेला प्राध्यापक बघा. कप दिसतो कागदाचा, पण आतून प्लास्टिकचा पातळ थर, म्हणून तो साध्या कागदात जात नाही. झाकणाचा न्याय वेगळा. पिझ्झाचं खोकं कोरडं असेल तर एकीकडे, तुपकट असेल तर दुसरीकडे. चुकीचा ऐवज थोडासा जरी पडला, तरी अख्खी पिशवी बाद होऊ शकते.

प्राध्यापकाला बोलू नका. त्याच्याकडे न पाहता योग्य पेटीकडे पाहा. तो तुमच्या नजरेमागून जातो. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्यांना हे काम लवकर साधतं. कशाला काय शिवलं की विटाळ होतो, याचा हिशेब त्यांना शिकवावा लागत नाही.

दिवे घालवणे

वसतिगृहाच्या भाड्यात बहुधा वीज आणि हीटर दोन्ही धरलेले असतात. त्यामुळे खोली तापली की मुलं हीटर बंद न करता खिडकी उघडतात आणि जानेवारीत अंगण गरम करतात. बिल कोणाच्याच नावाने येत नाही, तिथे उपदेश काय करणार? हे ओळखून २००६ मध्ये नॉरिचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात ‘स्टुडंट स्विच ऑफ’ नावाची मोहीम सुरू झाली. वसतिगृहांची आपापसांत वीजबचतीची स्पर्धा लावायची आणि जिंकणाऱ्यांना आइस्क्रीम वगैरे द्यायचं. ती पुढे देशातल्या कितीतरी विद्यापीठांत गेली. पृथ्वीपेक्षा आइस्क्रीम जवळचं वाटतं, हे कळायला पीएचडी लागत नाही. पण ही मोहीम काढणारा पीएचडीचाच विद्यार्थी होता.

सहभाग मोजणे

तुमच्या पदात ‘एंगेजमेंट’ आहे, म्हणून ती मोजावी लागेल. कार्यक्रमाला पिझ्झा असेल तर सहभाग भरघोस होतो. नसेल तर चौघे येतात, त्यांतले तिघे तुमचेच सहकारी. प्रश्नावली भरणारे आधीच पटलेले असतात. तरीही अहवाल लिहा.

अशा अहवालांना किंमत आहे, कारण ‘पीपल अँड प्लॅनेट’ ही संस्था २००७ पासून ब्रिटिश विद्यापीठांची क्रमवारी लावते आणि त्यांना विद्यार्थ्यांसारखाच वर्ग देते: फर्स्ट, सेकंड, थर्ड, नापास. विद्यार्थ्यांचा सहभाग हा त्यातला एक निकष आहे. वर्षभर तुम्हाला गुण देणारे लोक आपल्या गुणांसाठी तुमच्या तक्त्याची वाट पाहतात, हा या नोकरीतला एक स्वच्छ आनंद.

एक अवघड प्रश्न

कधीतरी स्टॉलवर एखादी मुलगी तुमचं दिव्याबद्दलचं भाषण पूर्ण ऐकून घेईल आणि विचारेल, ‘तू इथे आलास कसा?’ मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. वर्षभर घालवलेले दिवे त्यापुढे कुठे पुरणार? गोंधळू नका, विद्यापीठाचा कार्बन-हिशेब उघडा. त्यात तीन कप्पे असतात. पहिल्यात स्वतःचे गॅस बॉयलर आणि गाड्या, दुसऱ्यात विकत घेतलेली वीज, तिसऱ्यात बाकी सगळं: खरेदी, बांधकाम, कामानिमित्तचा प्रवास. बहुतेक ठिकाणी हा तिसरा कप्पाच सर्वांत जड असतो. विद्यार्थ्यांचं घरून येणं-जाणं मात्र पुष्कळ विद्यापीठांच्या उद्दिष्टांतून वगळलेलं सापडेल. त्याच विद्यार्थ्यांनी भरलेलं शुल्क अर्थसंकल्पात चोख धरलेलं असतं.

म्हणजे दिवे घालवण्याचा पगार तुम्हाला ज्या कप्प्यावर मिळतो, तो सर्वांत जड नाही. हे लक्षात आल्यावर नोकरी सोडू नका. उलट, इथून ती करण्याजोगी होते.

जून

या नोकरीत एक काम असं आहे की ज्यात शंका घ्यायला जागा नाही. जूनमध्ये वसतिगृहं रिकामी होतात, तेव्हा किटल्या, तवे, राइस कुकर, उशा, टेबललॅम्प, अर्धं भरलेलं तांदळाचं पोतं, हिवाळी जाकिटं हे सगळं मागे राहतं. विमानाला वजनाची मर्यादा असते. पूर्वी यातलं बरंचसं थेट डब्यात जायचं. आता ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसारख्या धर्मादाय संस्था विद्यापीठांत संकलनाच्या पेट्या ठेवतात आणि वस्तू आपल्या दुकानांत विकतात. काही विद्यापीठं त्या साठवून सप्टेंबरात नव्यांना फुकट किंवा नाममात्र पैशांत देतात.

इथे तुमची खरी गरज आहे. कोणत्या मजल्यावर इडलीपात्र निघणार, कोण कुकरची शिट्टी हरवून बसलंय, कोणाला पोळपाट हवंय, हे कार्यालयातल्या कोणालाही ठाऊक नसतं. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपला असतं. सप्टेंबरात पहिल्या आठवड्यात नव्या मुलाला तवा मिळाला की तो नवा विकत घेत नाही. विजेच्या वस्तू तपासल्याशिवाय कोणाला देऊ नका, कुकरचं रबर नवं घ्या, आणि साठवणीच्या खोलीची मागणी मार्चमध्येच करा. जूनमध्ये खोली मिळत नाही, सहानुभूती मिळते.

मुलाखत

मुलाखत शेवटी घेतली, कारण तिथे काय विचारायचं ते वरचं सगळं कळल्याशिवाय सुचत नाही. प्रश्न सुचायला एक उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये ग्लासगो विद्यापीठाने खनिज इंधन कंपन्यांतली गुंतवणूक टप्प्याटप्प्याने काढून घ्यायचं ठरवलं, आणि असं ठरवणारं ते युरोपातलं पहिलं विद्यापीठ. त्यामागे विद्यार्थ्यांची वर्षभराची मोहीम होती. त्यांना मोहिमेतल्या घोषणांचे तासाला काही मिळत नव्हते, आणि पगारी विद्यार्थ्याकडून तसल्या घोषणा कोणी अपेक्षितही करत नाही. त्याच्याकडून पोस्टर अपेक्षित असतं.

म्हणून मुलाखत संपताना ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं म्हणतील, तेव्हा टी-शर्टचा साइझ विचारू नका. माझा अहवाल कोणत्या समितीपुढे जातो, खरेदी आणि प्रवासाचे निर्णय तीच समिती घेते का, आणि तिथे मला बसायला मिळेल का, हे तीन प्रश्न विचारा. तिन्हींना ‘हो’ आलं तर ही कॅम्पसवरची सर्वांत चांगली नोकरी आहे. ‘नाही’ आलं, तरी घ्या. फक्त समितीत बसायला मिळेपर्यंत दर महिन्याच्या अहवालाखाली तेच तीन प्रश्न पुन्हा लिहीत जा, आणि त्यासाठी लागलेला वेळ टाइमशीटमध्ये न विसरता धरा.