फुलपाखराच्या पंखावर

नक्षीचा पंच पालथा धरून चालवायचा असतो. सुलटा धरला तर कागद आत कुठवर गेलाय ते दिसत नाही. उलटा केला की त्याच्या पोटातली फुलपाखराची खाच समोर येते आणि हव्या त्या रंगावर नेमकी बसवता येते. ही विद्या मावशीची. निवृत्त झाल्यावर ती पुण्याच्या बोहरी आळीतून असले पंच आणू लागली. तिथं मेपलचं पान मिळतं, हिमकण मिळतो, शिंगं मिरवणारं रेनडिअरही मिळतं. आंब्याचं पान मागितलं की दुकानदार विचारात पडतो. मावशीचं मात्र काही अडत नाही. संक्रांतीच्या शुभेच्छापत्रावर ती खुशाल हिमकण चिकटवते आणि म्हणते, "हलवा आहे तो. काटा बघ किती सुरेख आलाय!"

फ्रीडरिक झोएनेकन या जर्मन गृहस्थानं १८८६ साली कागदाला भोकं पाडणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याच्याच वंशजांच्या संगतीत मावशीची सारी नोकरी गेली. ८ सेंटिमीटर अंतरावर दोन भोकं, कागद फायलीत, टिकल्या केराच्या टोपलीत. आता सगळा व्यवहार उलटा. खाली पडेल ते जपायचं, वर उरेल ते वाया. मिलानच्या कार्निव्हलमध्ये उधळायच्या कागदी टिकल्याही म्हणे अशाच केरातून आल्या. रेशमाच्या किड्यांसाठी कागदाला भोकं पाडत, त्यातून उरलेल्या. पण वाया जाऊ देणं मावशीच्या स्वभावातच नाही. भोकामागे ती चंदेरी कागद लावते, आणि काहीच नसलेल्या जागेला पंख फुटतात.

खरी गंमत जुन्या लग्नपत्रिकांची. त्यांचा जाड कागद कापताना पंच कण्हतो, कधी दातखीळ बसल्यासारखा मिटून राहतो. मग डब्यातल्या पोळ्यांची फॉइल पुसून, तिच्या घड्या घालून मावशी त्याला चावायला देते, धार परतते. फुलपाखरं उडू लागतात, पण पाठीवर मजकूर घेऊन. एकाच्या पंखावर 'श्रीकृपेकरून', दुसऱ्याच्या पोटाशी कुणाचे तरी मामा अर्धे कापलेले. जिच्या लग्नाची पत्रिका, तिच्याच मुलीच्या बारशाला तिचं फुलपाखरू गेलं, तेव्हा ती बाई म्हणे कितीतरी वेळ पंखावरची तारीख वाचत बसली होती.

यंदा माझ्या वाढदिवसाला आलेल्या फुलपाखराच्या एका पंखावर 'कृपया आहेर' होतं आणि दुसऱ्यावर 'आणू नये'. सोबत पाकीट नव्हतं. फोन केला तर म्हणाली, "अरे, छापलंयच की त्यावर!"